ऐकणाऱ्याचा चेहरा

डॉक्टरांच्या बंगल्यातली ती खोली मुळात एक्स-रेसाठी बांधलेली. दवाखाना नव्या इमारतीत गेला, यंत्रही गेलं. शिशाचा पत्रा ठोकलेला दरवाजा आणि बिनखिडकीच्या जाड भिंती मात्र मागे राहिल्या. रस्त्यावरून वरातीचा बँड गेला तरी आत फक्त एक दबलेली थरथर पोचे. यवतमाळात याहून शांत जागा नाही, असं डॉक्टर अभिमानाने सांगत, आणि ते बहुधा खरं होतं. त्या खोलीत दर रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, काही सुशिक्षित माणसं हेडफोन ऐकायला जमत.

हेडफोन ही एकट्याने वापरायची वस्तू आहे. ती चौघांनी मिळून कशी ऐकायची, हे त्या मंडळींनी स्वतः ठरवून घेतलं होतं. टेबलावर अँप्लिफायर, त्याला जोडलेला एकच हेडफोन आणि समोर वेताची एक खुर्ची. ज्याची पाळी असेल त्याने खुर्चीत बसून तो चढवायचा. बाकीच्यांनी सोफ्यावरून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचं. संगीत एकाच्या कानात, इतरांच्या वाट्याला त्याचा चेहरा. ऐकताना एसी बंद करावा लागे, म्हणून उन्हाळ्यात तो चेहरा घामाने निथळलेला असे. सगळ्यांच्या पाळ्या होईपर्यंत मत सांगायचं नाही, हा नियम होता. शेवटी माझी आत्या त्या खुर्चीत बसे आणि ती जे म्हणेल ते कायम होई. ज्याचा अँप तिला पटला नाही, त्याला पुढचे कित्येक रविवार ते ऐकून घ्यावं लागे.

आत्या मुलींच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली, अविवाहित. आमचं घर दारव्ह्याकडचं, कापूस आणि सोयाबीनच्या शेतीचं. त्या घरातून नोकरीसाठी एकटी शहरात येऊन राहिलेली ती पहिली बाई. शहराने तिला गणेशोत्सवातल्या गायनस्पर्धांची परीक्षक म्हणून बोलावलं आणि स्पर्धा संपल्यावर नारळ देऊन घरी पाठवलं. डॉक्टर, वकील, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर ही पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्यांवर बसलेल्या घरांतली माणसं. त्यांनी तिला चहाला बोलावण्याचं एरवी काही कारण नव्हतं. बोलावलं ते तिच्या कानांसाठी. डॉक्टरांची गाडी दर रविवारी तिला न्यायला येई, आणि त्या बंद खोलीत ही तिन्ही माणसं ती काय म्हणते याची वाट पाहत. निवृत्तीनंतर तिच्याजवळ उरलेला अधिकार एवढाच होता. तो तिला सोडायचा नव्हता.

तो अधिकार ती निर्दयपणे वापरी. शाळेत ती पुस्तकी मराठी बोलत असे; टोमणा मात्र तिला वऱ्हाडीतच सुचे. इंजिनिअरांनी जड आवाजाचा नवा हेडफोन आणला, तेव्हा तो उतरवून ती म्हणाली, "इंजिनिअरसाहेब, याच्यात तबला नाही वाजून राह्यला. गोदामात पोते पडून राह्यले." वकिलांना एकदा दोन अँपमधला फरक सांगता आला नाही. "कान कोर्टातच जमा करून आले काय, वकीलसाहेब?" डॉक्टरांनी परदेशातून काचेच्या ट्यूबांचा अँप मागवला होता; तो आला त्या दिवशी त्यांचे नागपूरचे व्याही मुद्दाम पाहायला आले होते. आत्याने शांतपणे ऐकलं, हेडफोन मांडीवर ठेवला आणि विचारलं, "हे बाई गाऊन राह्यली का सर्दीची पेशंट आहे तुमची? समदा आवाज नाकातून येते." व्याही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. डॉक्टरही हसले. त्यांच्या कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या, आणि त्या बराच वेळ लालच राहिल्या.

मी त्या वर्षी आत्याकडे राहत होते. सकाळी एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचं आणि उरलेल्या वेळात परदेशातल्या प्रयोगशाळांना अर्ज करायचे, असा माझा दिनक्रम होता. माणूस आवाज कसा ओळखतो, हाच माझा विषय. त्यामुळे मंडळींनी मला आत घेतलं. आत घेतलं म्हणजे वायरी जोडायला. तिथे मला कुणी मत विचारत नसे, आणि त्यामुळे निरीक्षण करणं सोपं झालं.

आत्याच्या कानांबद्दल पहिली शंका मला घरी आली. आमच्या पॅसेजमध्ये इन्व्हर्टर आहे. वीज जाऊन बराच वेळ झाला की तो बारीक, टोचणारा आवाज करू लागतो. एका संध्याकाळी आत्या त्याच्या शेजारी बसून मेथी निवडत होती. तो ओरडत होता आणि तिने मान वर केली नाही. मी दुसऱ्या खोलीतून धावत येऊन तो बंद केला. "काहून धावली वो?" असं तिने मला विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला समोर बसवलं, कानात इअरफोन दिले आणि फोनवरून एकेक स्वर चढवत नेला. ऐकू आलं की बोट वर करायचं, असं सांगितलं. एका उंचीपर्यंत बोट नियमित वर येत राहिलं. त्यानंतर आलंच नाही. मी क्रम बदलला, मध्ये फसवी शांतता ठेवली, पुन्हा तपासलं. निकाल बदलला नाही. माणसाचं बोलणं समजायला तिच्याकडे पुरेसे कान होते. पण महाग अँप आणि स्वस्त अँप यांच्यात जो काही फरक असतो, तो बहुतांशी त्या बोट न उचललेल्या प्रदेशात असतो. मी हे तिला, कुणाही माणसाला सांगितलं असतं तसं, सरळ सांगितलं.

"तुया यंत्रात खराबी असन," ती म्हणाली.

"यंत्र ठीक आहे. मी दोनदा पाहिलं."

"मंग गप राह्य." तिने इअरफोनची वायर नीट गुंडाळून माझ्या हातात दिली. "कोणापाशी बोललीस तर या घरात राह्यचं काम नाही तुले."

"पण मग दर रविवारी तू निकाल देतेस तरी कसा?"

याचं उत्तर मी पुढच्या रविवारांत शोधलं.

बाकीचे ऐकताना डोळे मिटत; आत्या कधी मिटत नसे. तिचं खरं काम ती खुर्चीत बसण्याआधीच संपलेलं असे. सोफ्यावर बसून ती एकेका चेहऱ्याकडे अशी पाही, जशी वर्गातल्या मागच्या बाकाकडे पाहत असावी. मीही तेच चेहरे पाहून तिचा निकाल आधीच मनात ठरवायला लागले, आणि माझं उत्तर तिच्या उत्तराशी इतक्यांदा जुळलं की मला शंका घ्यायला जागा उरली नाही. या माणसांना आपल्याला काय आवडलं हे स्वतःला कळत नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटे, आत्या तिथून ते उचले, त्याला काटे लावी आणि त्यांनाच परत देई. अनेकदा मला वाटे, ही पद्धत त्या टेबलावरच्या कुठल्याही यंत्रापेक्षा अचूक आहे. फक्त ती चालायला एक अट होती: आत्याची पाळी शेवटी यायला हवी.

मे महिन्यातल्या एका रविवारी डॉक्टरांनी ती अट काढून घेतली.

नवा अँप आला होता. तोही ट्यूबांचाच, आधीच्यापेक्षा मोठा. नारिंगी उजेडाच्या काचा असलेला. डॉक्टर मोठ्या प्रसन्नतेने म्हणाले, "आज क्रम उलटा. बाई आधी."

"नेहमी मले शेवटी वाढता. आज पहिला घास काहून?"

"मान तुमचा आहे, बाई. आम्ही ऐकून मत दूषित करण्याआधी तुम्ही ऐका."

वकील फरशीकडे फार बारकाईने पाहत होते. इंजिनिअरांनी रुमाल आधीच हातात काढून ठेवला होता. कशाला, ते मला नंतर कळलं. आत्याने नकार देण्यासाठी कारण शोधलं असावं. तिला सापडलं नाही. मान नाकारता येत नाही. ती खुर्चीत बसली.

"आज गाणं नाही," डॉक्टर म्हणाले. "एकटा तानपुरा आहे. अगदी मंद. चांगल्या अँपची परीक्षा बारीक आवाजातच होते, म्हणून आवाज वाढवायचा नाही."

त्यांनी हेडफोन स्वतःच्या हातांनी तिच्या डोक्यावर ठेवला, एसी बंद केला आणि टॅबलेटवर बोट टेकवलं. पडद्यावर वेळेचे आकडे पुढे सरकू लागले. ट्यूबा मंद उजळल्या होत्या.

मी टेबलाजवळच्या स्टुलावर, तिच्या सर्वांत जवळ बसले होते. त्या हेडफोनला बाहेरून जाळी होती. अशा हेडफोनमधून थोडा आवाज नेहमी बाहेर झिरपतो, शेजारच्या माणसाला पातळ, किडा ओरडल्यासारखा ऐकू येतो. त्या दिवशी काहीच झिरपत नव्हतं. मी मान वळवून अँपच्या मागे पाहिलं. आवाज हेडफोनला द्यायचा की स्पीकरला, हे ठरवणारी तिथली खुंटी स्पीकरकडे वळवलेली होती. त्या खोलीत स्पीकर नव्हते. मी पाहिलं हे डॉक्टरांनी पाहिलं, आणि सुईला घाबरणाऱ्या लहान पेशंटला करतात तसं ओठांवर बोट ठेवलं.

ज्याचा आपल्या कानांवर विश्वास असतो तो अशा वेळी सहज म्हणतो, अहो, आवाज येत नाही. डॉक्टरांची गंमत तेवढीच असणार: बाई लगेच बोलल्या तर सगळे हसतील, नाही बोलल्या तर जास्त हसतील. आत्या ढोंग करते का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. तिचे कान उतरले आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते मला ठाऊक होतं आणि तिला ठाऊक होतं. कान उतरलेला माणूस चारचौघांत यंत्राला दोष देत नाही.

म्हणून तिच्या चेहऱ्यावर पुढे जे झालं, ते त्या खोलीत मला एकटीलाच समजलं. आधी ती वाट पाहत होती. मग तिची नजर आकड्यांवर गेली. आकडे चालले होते. ट्यूबांवर गेली, ट्यूबा पेटल्या होत्या. मग आमच्या चेहऱ्यांवर आली. तिन्ही चेहरे आज कोरे, तयार करून आणलेले. माझाही तिने पाहिला. तिच्या वरच्या ओठावर घाम जमला. ज्या दिवसाला ती मनातल्या मनात भीत होती तो आला आहे, आणि तो नेमका इथे, यांच्यासमोर आला आहे, अशी तिची खात्री झाली असणार. तिने डोळे मिटले. इतक्या रविवारांत प्रथमच.

आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर हलू लागली. पहिली तार मधल्या बोटाने, पुढच्या तर्जनीने. सावकाश, न तुटता, जन्मभर मुलींना शिकवलं तसं. कानात काहीच येत नव्हतं, म्हणून ती आपल्या आठवणीतला तानपुरा वाजवत होती. मान किंचित डोलत होती. इंजिनिअरांनी रुमाल तोंडावर धरला. वकिलांचे खांदे हलायला लागले.

मी हात लांब करून खुंटी फिरवली.

हेडफोनच्या जाळीतून तानपुऱ्याची पातळ गुणगुण बाहेर आली, आणि त्याच क्षणी आत्याची बोटं थांबली. प्रयोग म्हणून पाहिलं तर याहून स्वच्छ पुरावा मिळणं अशक्य होतं. आवाज नव्हता तेव्हा ती तल्लीन होती. आवाज आला तेव्हा दचकली. डॉक्टरांनी आखलेल्या गमतीत ही पायरी नव्हती. ती मी पुरवली.

सगळे एकदम हसले. शिशाच्या दरवाजाने ते हसू आतच ठेवलं.

"बाई, तुम्ही कोणता तानपुरा ऐकत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यांचा स्वतःचा," वकील म्हणाले. "आतच बसवलेला असेल."

"वीज गेली तरी चालणारा," इंजिनिअर रुमालाआडून म्हणाले.

आत्याने हेडफोन काढला नाही. तो तसाच ठेवून ती थोडा वेळ ऐकत राहिली. तिचे खांदे खाली आले, मूठ सैल झाली. त्यांना वाटलं ती शरमली. ती सुटली होती: तानपुरा तिला ऐकू येत होता. मग तिने हेडफोन उतरवला, मांडीवर ठेवला आणि पदराने ओठावरचा घाम टिपला.

"हसून घ्या," ती म्हणाली. "झालं? मंग आता खरं सांगतो. मले फरक कळत नाही. या डब्यातला नाही, त्या डब्यातला नाही. गंज दिवसांपासून कळत नाही."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "म्हणजे आजवर जे तुम्ही सांगत होता, ते..."

"तुमचेच थोबाडं वाचून सांगत होती." तिने प्रत्येकाकडे पाहिलं, सवयीच्याच क्रमाने. "डॉक्टरसाहेब, तुम्हाले आवडलं का तुमचा खालचा ओठ लोंबते. म्हशीसारखा. त्या सर्दीवाल्या डब्याले तो लोंबला नाही. तुम्ही त्याची किंमत आठवून राह्यलते. मी फक्त नाक म्हटलं. नापसंत तुम्हीच केला तो."

मग ती वकिलांकडे वळली.

"वकीलसाहेब बसल्या बसल्या झोपतेत. जबडा पडते. झोप लागली म्हणजे डबा चांगला, असं मी धरत होती. आन् इंजिनिअरसाहेबाचं काहीच वाचता येत नाही. ते ऐकतच नाहीत कधी. डॉक्टरच्या ओठाकडे पाहून राह्यतेत."

आता कुणी हसायला हवं होतं. नियमाप्रमाणे ज्याच्यावर टोमणा नाही त्याने हसायचं असे. या वेळी तसं कुणी उरलं नव्हतं. भिंतीवरच्या फळीवर नापास झालेल्या अँपांचे खोके रचून ठेवलेले होते. डॉक्टरांनी एकदा त्या खोक्यांकडे पाहिलं आणि मग खालचा ओठ दातांत घट्ट धरला. तो तसाच धरून ते म्हणाले, "बाई, चहा घेऊनच जा." मतं द्यायला अजून तिघांच्या पाळ्या बाकी होत्या, चहा नेहमी त्यानंतर येई. चहा आधी आला, याचा अर्थ सगळ्यांना कळला.

परत जाताना गाडी सोडायला आली नाही. मी स्कूटी काढली. बसस्थानकापाशी आत्याने मागून विचारलं.

"खुंटी तू फिरवली?"

"हो."

"कायले?"

"तुला वाटलं होतं की कान पूर्ण गेले."

तिने माझ्या खांद्यावरचा हात काढून मागच्या कडीला धरलं. "पुढच्या खेपी आधी विचारत जा," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी तिने खळ केलेलं पातळ नेसलं आणि नेहमीच्या वेळी दारात उभी राहिली. गाडी येणार नाही हे तिलाही माहीत होतं; तरी वेळ उलटेपर्यंत ती उभी होती. मग म्हणाली, "चाल, काढ तुयी गाडी."

डॉक्टरांना तिला दारातून परत पाठवणं शक्य नव्हतं. त्यांची मुलगी तिच्याकडे शिकलेली, आणि त्यांच्या पत्नी अजून तिच्या पाया पडतात. तेव्हा त्यांनी तिला आत घेतलं आणि सोफ्यावर, पाहुण्यांच्या जागी बसवलं. वेताची खुर्ची फिरवलेली होती. तिचं तोंड आता भिंतीकडे होतं. एकेकाने जाऊन तिच्यात बसावं, हेडफोन चढवावा आणि आम्हाला पाठ दाखवून ऐकावं, अशी नवी व्यवस्था झाली होती. त्या व्यवस्थेवर कुणी काही भाष्य केलं नाही. ऐकून उठणारा प्रत्येक जण "ठीक आहे" एवढंच म्हणे. आवडलं असं कुणी म्हणेना, नावडलं असंही म्हणेना. हे मत आपलंच आहे का, याची खात्री कुणालाच उरली नव्हती. नव्या अँपचा निकाल लागलाच नाही. आत्याची पाळी आली नाही. हेडफोन तिच्यासमोरून तीनदा गेला.

मला वाटलं, आता संपलं. पण त्याच्या पुढच्या रविवारीही तिने पातळाला खळ केली, आणि त्याच्या पुढच्याही. माझा परदेशातला प्रवेश तोवर नक्की झाला होता, माझं सामान बांधून होत आलं होतं, आणि एका बाबतीत तरी मला तिच्याकडून सरळ उत्तर हवं होतं.

"तिथे तुला कुणी ऐकू देत नाही, विचारत नाही," मी म्हणाले. "काय मिळतं तुला जाऊन?"

ती आरशासमोर पदर सारखा करत होती.

"मले काय भेटन?" ती म्हणाली. "त्याईले काय भेटते ते पाह्य ना. मी मागं बसली का त्याईची मान आखडते. डॉक्टर तर एक गाणं पुरं ऐकत नाही आता. मधातच हेडफोन सरकवून मागं पाह्यते, मी पाहून राह्यली का म्हणून."

"आणि तू पाहत असतेस."

"मंग? कायले जातो मी?"

मी तिला डॉक्टरांच्या फाटकाशी सोडलं. माझा तो तिथला शेवटचा रविवार होता. आता ती ऑटोने जाते, असं फोनवर सांगते. डॉक्टरांच्या पत्नी तिला चहा देतात. हेडफोन तिला कुणी देत नाही आणि ती मागत नाही. कप हातात धरून ती शेवटचा माणूस उठेपर्यंत बसून राहते.